हवेच्या खात्यातले फुंकरकाका

कारखान्यात फुंकरकाकांचं खरं नाव दोघांनाच ठाऊक होतं. एक हजेरीचं यंत्र आणि दुसरं त्यांच्या डब्याचं झाकण. झाकणावर ते बायकोने खिळ्याने कोरून ठेवलं होतं, आणि ती जाऊन सहा वर्षं झाली तरी ते घासून पुसट झालं नव्हतं. बाकी सगळ्या जगासाठी ते फुंकरकाका. कामच तसं. तापलेल्या काचेवर फुंकर घालायची. फुंकर म्हटली की आपल्याला आई आठवते, चटका बसलेलं बोट आठवतं. ही फुंकर तशी नव्हती. काकांचा ब्लोअर एकदा ‘भ्भूंऽऽऽ’ करून उठला की पलीकडच्या खोलीतले चहाचे कप टेबलावरून स्वतःहून कडेला चालत जायचे.

कारखाना टफन काचेचा. दुकानांच्या, बसथांब्यांच्या, जिन्यांच्या काचा इथे कडक होऊन जायच्या. कृती ऐकायला सोपी आहे. साधी काच भट्टीत घालायची. तापून तापून तिच्या अंगातला ताठा जरा सुटला की रोलरवरून सुर्रकन बाहेर ओढायची आणि वरून-खालून गार हवेचे शेकडो झोत तिच्यावर एकदम आपटायचे. बाहेरची कातडी आधी आवळते. आतलं अंग मागाहून गार होतं आणि कातडीला आत खेचून धरतं. ही जन्माची ओढाताण म्हणजेच कडकपणा. पण गार होताना एखादी जागा मागे राहिली, तर ओढाताण एकीकडे जास्त आणि एकीकडे कमी होते, आणि मग काच कुणाचं ऐकत नाही. फाट्! खड्यामिठाएवढे दाणे होऊन खाली बसते.

या हवेच्या खात्यात काका सव्वीस वर्षं होते. शेजारी भट्टीवर भट्टीताई. पंचेचाळिशीची बाई, पण सगळं आयुष्य अंशांत मोजणारी. “आज माझं डोकं सातशेवर आहे, बोलू नका.” किंवा, “आमचे हे? ते कधी चाळिसाच्या वर जातच नाहीत, कोमट माणूस.” आणि काच उचलायला पुढचा आणि मागचा. ही त्यांची नावंच पडली होती, कारण बारा वर्षं एकच काच दोन टोकांनी धरून त्यांचं बोलणंही एकाच वाक्यात मावायला लागलं होतं. पुढचा म्हणणार, “काका, ती मोठी काच...” मागचा म्हणणार, “...आली बघा, पण तिच्या कडेला...” आणि पुढचा, “...खरवडलंय वाटतं.” ऐकणाऱ्याची मान इकडून तिकडे, तिकडून इकडे.

काकांचा या कारखान्यात मान होता तो एका गोष्टीमुळे. पंधरा वर्षांपूर्वी मोठ्या काचा मधोमध फुटायला लागल्या होत्या. तेव्हाचे मोठे साहेब म्हणाले, हवा वाढवा. हवा वाढवली, काचा आणखी फुटल्या. काका घरी गेले. बायको भांडी घासत होती आणि नळाची धार उपड्या ताटलीवर पडत होती. धार पडते तिथे पाणी ताटलीला चिकटून, पातळ, चकचकीत पसरतं. थोडं पुढे गेलं की त्याचा जोर सरतो आणि गोल कडं करून उभं राहतं. बायकोने दुसरा नळ सोडला. दोन पाणी एकमेकांना भिडली, मधे फेसाची भिंत झाली, आणि बारीक धार मोठ्या धारेच्या वाहत्या पाण्याने बाजूला ढकलली गेली.

“अगं थांब, थांब, तसंच राहू दे!” काका म्हणाले.

“काय राहू दे? पाणी चाललंय वाया!”

“जाऊ दे. ते कुठून जातंय तेच बघतोय.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं, झोत काम करतो तो आपटतो तिथेच. पण आपटून झालेली हवा, गरम झालेली, ती जाणार कुठून? कडेची हवा कडेने निसटते. मधल्या हवेला बाहेर पडायला सगळ्या शेजारणींच्या अंगणातून जावं लागतं, आणि जाता जाता ती त्यांचे झोत वाकडे करते. म्हणून मधली काच तापलेलीच राहते. त्यांनी झोत सोडणाऱ्या नोझलच्या दोन रांगा चक्क काढून टाकल्या, मधे मोकळी वाट ठेवली. नोझल कमी झाली आणि काच फुटायची थांबली. तेव्हापासून काकांचं एक वाक्य कारखान्यात सगळ्यांना पाठ होतं. पुढचा-मागचा तर त्यांच्या आवाजात, भुवया वर चढवून, एक हात कमरेवर ठेवून म्हणून दाखवायचे: “हवेला यायला दार दिलंत... आणि जायला?”

दुसरी कीर्ती होती कानाची. हजारभर नोझलपैकी एखाद्यात कचरा बसला की त्या गर्जनेतून काका ते बरोबर ऐकायचे. चालता चालता थांबायचे, मान तिरकी करायचे, आणि बोट दाखवायचे: “खालची बाजू. सातवी रांग.” तिथे कचरा सापडायचाच. त्यासाठीच त्यांनी कधी कानांवर आवाज अडवणारं जाड टोपण चढवलं नाही. साहेब बदलले, सगळे सांगून थकले. काकांचं उत्तर ठरलेलं. “कानांत बोळे घालून हवा ऐकायची कशी?”

सव्वीस वर्षं उघड्या कानांनी ऐकलं. काकांनी कानांकडून घेतलं ते कानांनी काकांकडून वळतं करून घेतलं, पण असं हळूहळू की काकांनाही पत्ता लागला नाही. कारण ब्लोअर त्यांना अजून छान ऐकू यायचा. ट्रक ऐकू यायचे. पुढच्या-मागच्याचा घोगरा आवाज ऐकू यायचा. गेलं होतं ते बारीक. पाखरं गेली. कुकर गेला. घड्याळाचा गजर गेला, तर काका म्हणाले घड्याळ बिघडलं, आणि नवं आणलं, तेही बिघडलेलंच निघालं.

मग लेकीचा आवाज जायला लागला. ती दूरच्या शहरात, आठवड्यातून दोनदा संध्याकाळी फोन करायची. काका तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांपैकी खिडकीच्या खोलीत खुर्ची घेऊन, फोन कानात घुसवून बसायचे. लेकीच्या बोलण्यातून त्यांच्यापर्यंत पोचायचे ते फक्त सांगाडे. मांस सगळं वाटेतच गळून जायचं. “बाबा... ऊ... आ... ओ... का?” तेव्हा त्यांनी तीन उत्तरं करून ठेवली होती आणि ती पाळीपाळीने द्यायचे. पहिलं, “हो का!” दुसरं, “छान, छान.” तिसरं, “बरं बरं, जपून रहा.” चार वर्षांची नात फोनवर आली की काहीच यायचं नाही. कानाशी नुसता फोन ऊब द्यायचा. तिच्या वाट्याला कायम “छान, छान.”

कानांचं काही खरं नाही हे त्यांना कळलं होतं ते गेल्या वर्षी. कारखान्याच्या दवाखान्यात वर्षातून एकदा कानांची तपासणी होते. काचेच्या खिडकीच्या बंद खोक्यात बसायचं, आवाज आला की बटण दाबायचं. काकांना निम्मे आवाज आलेच नाहीत. पण जन्म काचेत गेलेला माणूस! समोरच्या काचेत आवाज सोडणाऱ्या बाईंच्या बोटाची सावली पडत होती. बोट हललं की काका बटण दाबत होते. “वा काका, या वयात असे कान!” बाई म्हणाल्या.

या वर्षी तपासणी गुरुवारी होती. आणि दवाखान्यात नवं यंत्र आलं होतं. आवाज आपोआप वाजायचे, बोट कुणाचं हलायचंच नाही. कान नापास झाला की नियम सरळ होता. हवेच्या खात्यात ठेवत नाहीत. पुढच्या आवारातल्या कागदपत्रांच्या खोलीत बदली. तिथे एक पंखा, एक कपाट आणि भिंत. काकांना ती खोली माहीत होती. तशी एक त्यांच्या घरीच होती.

अशात ग्रंथालयाच्या काचा आल्या. नव्या इमारतीच्या दर्शनी भिंतीसाठी पुरुषभर उंचीच्या अठरा काचा. सोमवारी पहिल्या दोन फुटल्या. मंगळवारी सकाळी एक फुटली, एक कशीबशी निघाली, पुन्हा एक फुटली. उडालेल्या दाण्याने मागच्याचं मनगट खरचटलं. पुढचा म्हणाला, “काही नाही, एवढंसं...” आणि मागचा म्हणाला, “...माझं मनगट आहे, तू कशाला सांगतोस?” बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांचं वाक्य तुटलं.

साहेब धावत आले. हे साहेब नवे, वयाने लेकीएवढे, आणि हातवारे करताना हवेत चौकोन काढणारे. “बेसिकली काय होतंय ना काका, आपल्याला कूलिंग कमी पडतंय. आपण एक काम करू या. प्रेशर वाढवू या.”

काकांच्या भुवया वर चढल्या. हात कमरेवर गेला. पुढचा आणि मागचा एकमेकांकडे पाहायला लागले, आता येणार म्हणून.

“साहेब, हवेला यायला दार दिलंत. आणि जायला?”

“म्हणजे?”

“म्हणजे तुम्ही महिन्यापूर्वी बसवलेली ही पेटी!” काकांनी मशीनभोवतीच्या पत्र्याच्या नव्या आवरणावर थाप मारली. आवाज कमी व्हावा म्हणून साहेबांनी ते हौसेने बसवून घेतलं होतं. “आवाज कोंडलात तुम्ही, त्याच्याबरोबर हवाही कोंडली. आपटून झालेली हवा आतच घोटाळतेय. मधे गरम राहणार नाही तर काय? काढा ही पेटी.”

साहेबांनी हवेत एक चौकोन काढला, पुसला, दुसरा काढला. पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट त्यांनीही ऐकली होती. शेवटी म्हणाले, “ओके. काका म्हणतात तर काढू या.”

अख्खी दुपार पेटी काढण्यात गेली. एकशे चाळीस स्क्रू. संध्याकाळी मशीन उघडीबोडकी उभी राहिली. भट्टीताईंनी काच सोडली, ब्लोअर उठला, काच झोतांखाली मागे-पुढे झुलायला लागली. सगळे श्वास धरून उभे. काका छाती काढून.

फाट्.

पुढचा आणि मागचा झाडू आणायला गेले. सव्वीस वर्षांत काकांची कुणी थट्टा केली नाही असा दिवस नव्हता, आणि त्या संध्याकाळी कुणी थट्टा केली नाही. साहेब नुसतं “उद्या बघू या” म्हणाले, तेही हळू, हवेत काहीही न काढता. खरं म्हणजे काकांना ते ऐकूच आलं नाही. ओठांवरून कळलं.

बुधवारी सकाळी काका सगळ्यांच्या आधी आले. काल निघालेली ती एकुलती एक काच आवारात लाकडी घोडीला टेकून उभी होती. टफन काचेवर झोतांच्या खुणा राहतात. एरवी दिसत नाहीत, पण सकाळचं आभाळ निळं असलं आणि काच तिरकी धरून पाहिलं की राखाडी, फिके पट्टे उमटतात, एका नोझलचा एक. काकांना ही जुनी खोड. दुकानांपुढे थांबून ते काचेत पाहायचे. आतला दुकानदार विचारायचा, काय हवं? काय सांगणार? माझी फुंकर बघतोय?

त्यांनी घोडी फिरवली, मान तिरकी केली. पट्टा, पट्टा, पट्टा, पट्टा. आणि मग एक जागा कोरी.

काकांनी डोळे पुसून पुन्हा पाहिलं. कोरीच. खालची बाजू, अकरावी रांग. तिथे झोत आपटलाच नव्हता. म्हणजे हवा कोंडण्याचा प्रश्नच नव्हता. साधा कचरा. आधी कधीतरी फुटलेल्या काचेचा दाणा खालच्या नोझलात पडला होता आणि झोत तिरका निसटत होता, अन् त्याच्यावरची काच गार व्हायची राहत होती. पोरासोरांना सुचेल अशी गोष्ट. पण असा दाणा अडकला की नोझल शिट्टी मारतं. ती शिट्टी काकांना सोमवारीच ऐकू यायला हवी होती.

ते आत गेले. भट्टीताई भट्टी चढवत होत्या.

“ताई, ब्लोअर लाव जरा.”

भ्भूंऽऽऽ. काका खालच्या बाजूला, अकराव्या रांगेशी वाकले. कान जवळजवळ नोझलला लावला. गर्जना होती. छान, भरदार, जुन्या ओळखीची गर्जना. बाकी काही नाही. त्यांनी हाताची पालथी बाजू वर धरली. शेजारच्या नोझलचा झोत हाताला टोचला. या नोझलचा झोत बाजूने, करंगळीला चाटून गेला.

ते ताठ झाले आणि त्यांनी भट्टीताईंच्या तोंडाकडे पाहत विचारलं, “शिट्टी येतेय का?”

“काय?”

“शिट्टी. येतेय?”

भट्टीताईंनी ब्लोअर बंद केला. त्यांचा चेहरा असा झाला की काकांना उत्तराची गरज उरली नाही.

“अहो, सोमवारपासून येतेय. कानात सुई घातल्यासारखी. माझं डोकं आठशेवर गेलंय तिने.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्हाला? शिट्टीबद्दल? मी?” त्या म्हणाल्या. “काका, आम्हाला वाटलं तुम्हाला माहितीय. वाटलं, काहीतरी कारणाने ठेवलीय तुम्ही.”

पुढचा-मागचा येऊन उभे राहिले होते. पुढचा म्हणाला, “आम्हालाही येत होती, पण म्हटलं काका आहेत...” मागच्याने वाक्य पुरं केलं नाही.

काकांनी आकड्याची तार आणली, गुडघ्यावर बसले, आणि नोझलातून दाणा उकरून काढला. तळहातावर ठेवला. खड्यामिठाएवढा. त्यानंतरची काच धडधाकट निघाली, तिच्या मागची निघाली, आणि दुपारपर्यंत पाच. साहेब येऊन हसले, “काका, यू आर ग्रेट! काय केलंत?” काका म्हणाले, “कचरा होता.” साहेब गेले.

जेवायच्या सुट्टीत भट्टीताई डबा घेऊन शेजारी बसल्या. त्यांच्या मोठ्या, खर्जातल्या आवाजात, काकांना ऐकू येईल अशा बेताने म्हणाल्या, “ऐका. मी काय म्हणते. शिट्टी आली की मी असा कपाळाला हात लावीन. तुम्ही बोट दाखवायचं. कुणाच्या बापाला कळणार नाही. आणि उद्याच्या तपासणीचं म्हणाल, तर ताप आलाय म्हणून घरी बसा. एकशे दोन सांगा, एकशे दोन बरा असतो, कुणी धावत भेटायला येत नाही आणि खोटाही वाटत नाही.”

काका हसले. मनापासून हसले. दोन वर्षं राहिली होती निवृत्तीला. दोन वर्षं कपाळाला हात लावून निघाली असती. घरी जाताना त्यांनी ठरवूनही टाकलं, एकशे दोन.

संध्याकाळी फोन आला. काकांनी खुर्ची खिडकीशी घेतली. “बाबा... आ... ऊ... ई...” “हो का!” मग लेकीने फोन नातीला दिला असावा, कारण सगळंच थांबलं. ऊब तेवढी राहिली. काका म्हणाले, “छान, छान.” थोडं थांबून, आणखी प्रेमाने, “फारच छान.”

फोन परत लेकीकडे गेला. ती एकेक शब्द सुटा करून, खालच्या आवाजात, बहुतेक तोंडाशी हात धरून बोलली, आणि कितीतरी दिवसांनी तिचं एक वाक्य काकांना पूर्ण ऐकू आलं.

“बाबा, ती पडलीय. हाताला लागलंय तिच्या. तुम्हाला सांगायला आली होती, रडत होती ती.”

काकांकडे तीन उत्तरं होती. तिन्हींपैकी एकही चालण्यासारखं नव्हतं.

“फार लागलंय?” त्यांनी विचारलं.

तिने काहीतरी सांगितलं. त्यातलं काही आलं नाही. “बोल, हळू बोल,” काका म्हणाले, “मला येत नाही गं ऐकू.” पलीकडे काय झालं कोण जाणे. फोन बराच वेळ चालू राहिला. काका खुर्चीत तसेच बसून होते, फोन कानाशी, खाली रस्त्यावरून ट्रक जात होते तेवढे ऐकत.

गुरुवारी सकाळी ते आधी साहेबांच्या खोलीत गेले. उभ्याउभ्याच सांगितलं. शिट्टी होती, मला आली नाही, पाच काचा आणि मागच्याचं मनगट माझ्या नावावर, पेटीचा काही दोष नव्हता, ती परत बसवून घ्या.

साहेबांचं बोट हवेत चौकोन काढायला उठलं आणि अर्ध्यावर थांबलं. “काका, बेसिकली...” ते म्हणाले. मग बेसिकली काय ते त्यांना सापडेना. शेवटी म्हणाले, “मलाही येत होती ती शिट्टी. मला वाटलं, मशीनचा आवाजच तसा असेल. मी विचारायला हवं होतं.” मग, “हवेवर कुणाला बसवू?”

“भट्टीताईला. तिला ऐकू येतं आणि तिला राग येतो. दोन्ही लागतं. फक्त आजपासून कानांवर टोपण हवं तिच्या. ऐकायचं असेल तेव्हा मिनिटभर काढायचं, परत घालायचं.”

मग ते दवाखान्यात गेले. खोक्याचं जाड दार बाहेरून लागलं. आत गादीच्या भिंती, एक स्टूल, हातात वायरीचं बटण. कानांवर यंत्राची टोपणं बसली. काकांनी डोळे मिटून घेतले.

घूं. दाबलं. घूं, जरा लांबून. दाबलं. आणखी दोन आले, बुटके, जाड आवाज, ते दाबले. मग थांबलं. काका वाट पाहत बसले. अंगठा बटणावर तयार ठेवून, मान नेहमीसारखी तिरकी करून. बराच वेळ गेला. त्यांना वाटलं, बाई यंत्र नीट करत असतील. नवं यंत्र आहे, वेळ लागायचाच.

दार उघडलं. बाईंनी वाकून त्यांच्या कानांवरची टोपणं काढली.

“झालं काका.”

“आणि बाकीचे? ते कधी वाजवणार?”

बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ओठ नीट दिसतील असं समोर येऊन सांगितलं, “वाजले काका. सगळे वाजले.”